'खिडकी' बंद असताना

१

दीड वर्षाच्या एका मुलीने दिव्यात घालायचं सुगंधी तेल प्यायलं होतं, आणि अशा वेळी काय करायचं हे ज्या फाइलमध्ये लिहून ठेवलं होतं ती फाइल काही केल्या उघडत नव्हती.

फोन चिमणीने घेतला होता. विषमाहिती केंद्रातली ही सर्वांत लहान परिचारिका. अंगाने किरकोळ आणि दिवसभर चिवचिव, म्हणून हे नाव. कोणाच्या पोटात किंवा अंगावर नको ते गेलं की लोक या केंद्राला फोन करत. मग इकडे ती वस्तू फाइलमध्ये शोधायची, तिच्यात नक्की काय असतं ते पाहायचं आणि उपाय सांगायचा. फाइल एकच, व्यवस्थापकांच्या खोलीतल्या मोठ्या संगणकात ठेवलेली. बाहेरच्या तिन्ही टेबलांवरून तीच उघडायची. टेबलांच्या जागेवरून तिथल्या संगणकांना नावं दिली होती. 'दार' चिमणीचं, 'कोपरा' डॉक्टरांचा आणि 'खिडकी' औषधतज्ज्ञ बाईंची.

चिमणीच्या पडद्यावर चौकट आली. ही फाइल 'खिडकी' या संगणकाने अडवून धरली आहे, सध्या उघडता येणार नाही.

"बाई, फाइल सोडा ना," फोनवर हात ठेवून ती म्हणाली.

बाईंनी चकित होऊन स्वतःच्या पडद्याकडे पाहिलं. त्यांनी फाइल केव्हाच बंद केली होती. त्यांनी ती उघडायचा प्रयत्न केला, तर त्यांनाही तीच चौकट. 'खिडकी'ने फाइल अडवली आहे, असं खुद्द 'खिडकी'लाच सांगितलं जात होतं.

फोनवर मुलीची आई हुंदके देत होती. तेवढ्यात गडबड ऐकून म्हातारे डॉक्टर मागच्या दाराने आत आले. काय झालं ते त्यांनी अर्ध्या वाक्यात ओळखलं आणि फोन हातात घेतला. उलटी मुळीच करवू नका, म्हणाले. तिला मांडीवर सरळ बसवा, श्वासाकडे लक्ष द्या, खोकला लागला किंवा धाप लागली तर रुग्णालय गाठा. सगळं तोंडपाठ, एकही शब्द न अडखळता. मुलगी सुखरूप राहिली.

पण फाइल अशी अडण्याची ही काही पहिली वेळ नव्हती, आणि दर वेळी चौकटीत नाव एकच असायचं. व्यवस्थापकांनी बाईंना खोलीत बोलावून दार लावून घेतलं. यंत्र खोटं बोलत नाही, असं ते म्हणाले. तुम्ही फाइल का अडवता ते मला माहीत नाही, पण चौकशी होईपर्यंत इथे कशालाही हात लावायचा नाही. बाहेर येऊन मात्र त्यांनी इतरांना एवढंच सांगितलं, की बाई घरच्या कामासाठी रजेवर जात आहेत.

बाई पिशवी उचलून निघाल्या. चौकशीत दोषी ठरल्या तर नोकरी जाणार होतीच, शिवाय औषधतज्ज्ञ म्हणून कुठेही काम करायचा परवानाही जाणार होता.

२

बाईंच्या घरी, त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या त्यांच्या नणंदेचं येणंजाणं फारसं नव्हतं.

ही नणंद म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण. मोठ्या कंपन्यांमधल्या संगणकांची जाळी बिघडली की कुठे काय अडलंय ते शोधून काढणं हा तिचा व्यवसाय. त्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि हे तिला स्वतःलाही चांगलंच ठाऊक होतं. वहिनीशी तिचं भांडण नव्हतं, पण गोडीही नव्हती. एकदा घरच्या समारंभात वहिनी सगळ्यांदेखत हसत म्हणाली होती, की वन्सं यंत्रांशी बोलतात ते बरंच आहे, यंत्रं बिचारी उलट उत्तर देत नाहीत. सगळे हसले. नणंदही हसली, आणि तेव्हापासून तिने त्या घरी जाणं कमी केलं. थट्टा खोटी असती तर एवढी लागली नसती.

आईचा फोन आला तेव्हा ती डबा भरत होती. आई म्हणाली, "तुझा दादा बाहेरगावी आहे आणि सूनबाई दोन घास धड खात नाही. मला काही सांगत नाही. तू जाऊन बघ, आणि जाऊन बघायचं म्हणजे भांडायचं नाही."

वहिनीने दार उघडलं आणि आधी बाहेर जिन्याकडे नजर टाकली, जणू नणंदेबरोबर आणखी एखादं संकट आलंय का ते पाहत असावी. मग खाली बसून तिने सगळं सांगितलं. रडली नाही. रडली असती तर नणंदेला सोपं गेलं असतं.

"वन्सं, मी फाइल अडवली नाही," ती शेवटी म्हणाली. "पण तुम्हाला माझ्यावर विश्वास ठेवायला हवा असं काही नाही."

"विश्वासाचा प्रश्नच नाही. मी तपासून बघणार," नणंद म्हणाली. हे बोलणं कसं कोरडं ठणठणीत वाटलं असेल ते तिला बोलल्यावर कळलं. "तुझ्या संगणकात कधी काही वेगळं दिसलं का?"

वहिनीने आठवून पाहिलं. कधीकधी पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट यायची. ती लगेच बंद करायची.

"काय लिहिलेलं असायचं त्यात?"

"फोन वाजत असताना ते वाचतंय कोण?"

नणंदेने कपाळावर हात मारला नाही, पण इच्छा झाली. जगातल्या निम्म्या बिघाडांची उत्तरं अशा न वाचता बंद केलेल्या चौकटींत असतात.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी केंद्रात गेल्या. व्यवस्थापकांनी आधी आढेवेढे घेतले. नणंदेने शांतपणे विचारलं, की चौकशी समितीने संगणक कोणाकडून तपासून घेतला असं विचारलं तर तुम्ही काय सांगणार? त्यावर ते थोडे नरमले. एक दिवस पाहा, म्हणाले, पण तुमच्या वहिनींनी कशालाही हात लावायचा नाही.

व्यवस्थापक टापटिपीचे. टेबलावर पेनं लांबीप्रमाणे लावलेली. त्यांच्याशी बोलताना नणंदेला कळलं, की ही जुनी फाइल मोडीत काढून नवी यंत्रणा आणावी असा प्रस्ताव त्यांनी वरच्या कार्यालयाला पाठवला आहे आणि वरून कोणी दाद देत नाही. फाइल वारंवार अडली, तर प्रस्तावाला जोर येणार. ही गोष्ट तिने मनात टिपून ठेवली. नियम मात्र त्यांचा चांगला होता. प्रत्येक फोन संपला की फाइल बंद करायची, उगाच उघडी ठेवायची नाही.

चिमणीने तिला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, की तिचा संशय व्यवस्थापकांवरच आहे. का, तर ते कधी हसत नाहीत. पुरावा म्हणून हे काही पुरेसं नव्हतं. पण बोलता बोलता ती आणखी एक गोष्ट बोलून गेली. मध्यंतरी एका दुपारी तिने फाइल उघडली तर अक्षरं भोपळ्याएवढी झाली होती. एका शब्दाने अर्धा पडदा भरायचा. थोड्या वेळाने पाहिलं तर पुन्हा पहिल्यासारखी बारीक. तिला वाटलं, बाईंनी गंमत केली.

"मजकुरात काही फरक पडला होता का?" नणंदेने विचारलं.

"शब्दाचाही नाही. मी नीट पाहिलं."

डॉक्टर सर्वांत शेवटी भेटले. केंद्र सुरू झालं तेव्हापासूनचे. ही फाइलसुद्धा त्यांनीच बांधलेली, तेव्हा इथे टेबल एक आणि संगणकही एकच होता. फार सभ्य माणूस. उठून उभे राहिले, खुर्ची दिली, वहिनीला पाहून रजा लवकर संपली वाटतं म्हणाले. नणंदेने त्यांना आपलं व्हिजिटिंग कार्ड दिलं. ते त्यांनी हातात धरलं, फार सुंदर छापलंय म्हणून कौतुक केलं, खिशात ठेवलं आणि विचारलं, "मग आपण काम काय करता?"

तिने सांगितलं. मग फाइल अडते तेव्हा आपण कुठे असता, असं तिने विचारलं. ते म्हणाले, की एवढ्या वर्षांनी मला फाइल लागतच नाही. दुपारी जरा निवांत झालं की मी मागे नमुन्यांच्या खोलीत बसतो, विषारी पानं आणि रिकाम्या बाटल्या यांच्यात. तिथे कोणी त्रास देत नाही.

त्यांच्या 'कोपरा' संगणकाच्या पडद्यावर धुळीचा पातळ थर होता.

४

नणंदेने आधी सगळ्यांत सोपी शक्यता तपासली. संगणक कधी मध्येच बंद पडतो आणि त्याने फाइलवर लावलेली खूण तशीच राहते. माणूस निघून गेला तरी दारावर 'आत माणूस आहे' अशी पाटी लोंबत राहावी, तसं. पण तशी मेलेली खूण आपोआप जात नाही, कोणीतरी पुसावी लागते. इथली खूण आपली आपण यायची आणि आपली आपण जायची. म्हणजे दाराआड खरंच कोणीतरी होतं.

दुसरी गोष्ट तिने वहिनीला समजावून सांगितली, आणि समजावताना तिच्या लक्षात आलं की वहिनी फार पटकन समजून घेते.

"वाचायला फाइलमध्ये कितीही जण बसू शकतात. एकमेकांना अडचण होत नाही. पण कोणी फाइलची मांडणीच बदलायला घेतली, कुठली चौकट कुठे, अक्षर केवढं, तर तो आतून कडी लावतो. मग बाकीचे बाहेर."

"म्हणजे जो कोणी आहे तो नुसता वाचत नाही."

"नाही. आणि अशी कडी फाइल रिकामी असेल तरच लागते. कोणीही आत असेल तर लागत नाही."

वहिनी विचारात पडली. मग हळूच म्हणाली, की म्हणूनच हे नेहमी जेवणानंतर होतं. तेव्हा फोन नसतात आणि नियमाप्रमाणे सगळ्यांनी फाइल बंद केलेली असते.

दुपारी जेवणं उरकली. फोन गप्प झाले. डॉक्टर हात पुसत मागच्या बाजूला गेले. व्यवस्थापक चष्मा पुसत बाहेर येऊन उभे राहिले, कारण नणंदेने त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. सगळ्यांच्या समोर तिने 'खिडकी' बंद केली. नुसती बंद केली नाही, तर खाली वाकून विजेची तार भिंतीतून उपसली आणि जाळ्याची तारही काढली. दोन्ही तारांची टोकं हातात धरून ती उभी राहिली.

"आता चिमणी, मधूनमधून फाइल उघडून बघत राहा. उघडली की लगेच बंद कर."

उघडली, बंद केली. पुन्हा उघडली, बंद केली. व्यवस्थापकांनी घड्याळ पाहिलं. वहिनी भिंतीला टेकून उभी होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते.

चिमणीने पुन्हा प्रयत्न केला आणि तिचा हात थबकला.

"अडली," ती म्हणाली. मग नाव वाचून तिचा आवाज चिरकला. "खिडकी. खिडकीने अडवलीय."

नणंदेच्या हातात दोन्ही तारा तशाच लोंबत होत्या.

५

पहिल्यांदा वहिनीच्या चेहऱ्यावर रंग आला. काय झालं ते तिला पुरतं कळलं नसेल, पण आपण सुटलो एवढं कळलं. व्यवस्थापक मात्र तारांकडे पाहत म्हणाले, की हे अशक्य आहे.

"अशक्य नाही," नणंद म्हणाली. "यंत्र खोटं बोललं नाही, तुम्ही म्हणालात तसंच. त्याने फक्त नाव सांगितलं. त्या नावाचा माणूस कोण, ते आपण ठरवलं." मग ती वहिनीकडे वळली. "हा संगणक नवा दिसतो. आधीचा कुठे गेला?"

आधीचा मोडीत गेला, असं व्यवस्थापकांनी सांगितलं. वहिनीला मात्र आठवलं. नवा संगणक आला तेव्हा दुरुस्तीवाल्याने जुन्यातलं सगळंच्या सगळं नव्यात उतरवून दिलं होतं. तिला काही नव्याने मांडावं लागू नये म्हणून. दुसऱ्या दिवसापासून तिचं काम जसंच्या तसं सुरू झालं होतं.

"सगळं म्हणजे नावसुद्धा," नणंद म्हणाली. "म्हणजे 'खिडकी' नावाचे दोन संगणक झाले. तू न वाचता बंद करायचीस ना, त्या छोट्या चौकटीत हेच लिहिलेलं असणार, की या नावाचं आणखी कोणीतरी जाळ्यात आहे. जुना मोडीत गेलाच नाही. तो जिवंत आहे आणि आत्ता चालू आहे."

सगळे व्यवस्थापकांच्या खोलीत गेले. भिंतीवरच्या पेटीत सगळ्या संगणकांच्या तारा येऊन मिळत होत्या आणि प्रत्येक चालू तारेपाशी हिरवा दिवा लुकलुकत होता. 'दार', 'कोपरा', मोठा संगणक. 'खिडकी'चा दिवा विझलेला. आणि आणखी एक दिवा, ज्याच्या मालकाचा पत्ता नव्हता, तो मात्र मजेत लुकलुकत होता. त्याची तार छताजवळून निघून मागच्या भिंतीतल्या भोकातून पलीकडे गेली होती.

पलीकडे नमुन्यांची खोली होती.

व्यवस्थापक तरातरा निघाले. नणंदेने त्यांना वाटेतच थांबवलं. आत कोण आहे ते तिला कळलं होतं, आणि आरडाओरडा नको होता.

"कोणी नुकसान करायला आलं असतं तर नोंदींना हात लावला असता. एक शब्द बदललेला नाही. बदलली ती फक्त अक्षरं. मोठी झाली आणि पुन्हा लहान झाली. मांडणी बदलल्याशिवाय अक्षर मोठं होत नाही, म्हणून कडी लागते. अक्षर मोठं कोणाला लागतं? ज्याने माझं कार्ड हातात धरून मी काय काम करते ते विचारलं त्याला. ते त्यावर ठळक छापलेलं आहे."

चिमणीने तोंडावर हात ठेवला. व्यवस्थापक काहीतरी बोलणार, तोच बाहेर फोन वाजला.

६

धुलाईच्या दुकानातून फोन होता. कपड्यांवरचे गंजाचे डाग काढायच्या द्रवाची बाटली एका कारागिराच्या हातावर सांडली होती. लाल बुचाची बाटली. कातडी फारशी भाजलेली दिसत नव्हती, पण माणूस दुखण्याने तळमळत होता. चिमणीने बोलता बोलता फाइल उघडायचा प्रयत्न केला. फाइल अजून अडलेलीच होती.

नणंदेने नमुन्यांच्या खोलीचं दार उघडलं. फडताळांवर बाटल्या आणि काचेखाली वाळलेली पानं, आणि त्यांच्या मधोमध जुना, जाडजूड काचेचा पडदा. डॉक्टर त्याच्यापासून वीतभर अंतरावर नाक नेऊन बसले होते. पडद्यावर अक्षरं खरोखरच भोपळ्याएवढी होती.

फोन लांब तारेचा होता. चिमणी तो घेऊन दारापर्यंत आली आणि बाटलीचं नाव सांगितलं. डॉक्टर खुर्चीतून वळले. दारात एवढी माणसं पाहून ते गोंधळले, पण बाटलीचं नाव ऐकताच त्यांचा आवाज नेहमीसारखा ठाम झाला.

"ऑक्झॅलिक आम्ल. भरपूर पाण्याने हात धुवायला सांग. घाबरण्यासारखं काही नाही."

"डॉक्टर, थांबा," वहिनी म्हणाली.

ती पुढे झाली. कशालाही हात लावायचा नाही, हे तिला कोणी आठवून दिलं नाही आणि दिलं असतं तरी तिने ऐकलं नसतं. लाल बुचाच्या बाटलीचं नवं लेबल अलीकडेच आलं होतं आणि त्याची नोंद तिने स्वतः केली होती. पण ज्या कामात चूक झाली की माणूस जातो, तिथे नुसत्या आठवणीवर बोलायचं नाही, हे ती डॉक्टरांकडूनच शिकली होती. डॉक्टरांनी खुर्ची सोडली. नणंदेने अक्षरं तशीच मोठी ठेवून फाइल पुन्हा वाचायच्या रूपात आणली, वहिनीने नाव टाइप केलं आणि नोंद समोर आली. ती दारातूनही वाचता येत होती.

कंपनीने द्रव बदलला होता. जुनं आम्ल काढून त्याजागी हायड्रोफ्लोरिक आम्ल घातलं होतं. ते कातडीवर फारसं दिसत नाही. आत उतरतं, हाडापर्यंत जातं, रक्तातलं कॅल्शियम खातं आणि हृदय बिघडवतं.

वहिनीने फोन घेतला. तिचा आवाज एवढा स्थिर नणंदेने कधी ऐकला नव्हता. हात वाहत्या पाण्याखालीच ठेवा, अंगठी असेल तर काढा, कोणालाही नुसत्या हाताने त्या द्रवाला शिवू देऊ नका. आत्ताच्या आत्ता रुग्णालयात न्या. मी तिथे कळवते. ते कॅल्शियमचं जेल तयार ठेवतील. दुखत नाही म्हणाला तरी घरी परत नेऊ नका. लगेच दुसरा फोन लावून तिने रुग्णालयाला सगळं सांगितलं. जेल चोळत राहा, हृदयाचा आलेख सतत बघा. तिकडच्या डॉक्टरांनी आधी खात्री करून घेतली, मग धन्यवाद म्हणून फोन ठेवला.

म्हातारे डॉक्टर एका फडताळाला धरून उभे होते.

"मी त्याला पाण्याने हात धुवून घरी पाठवलं असतं," ते म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. वर्षभरापासून डोळे अधू होत चालले होते. टेबलावरच्या पडद्यावरचं वाचता येत नव्हतं. सांगितलं तर उद्या घरी बसवतील ही भीती. जुना संगणक मोडीत निघाला तेव्हा बाटल्यांची चित्रं बघायला म्हणून त्यांनी तो दुरुस्तीवाल्याकडून इथे बसवून घेतला. रोज दुपारी ते फाइलची अक्षरं मोठी करायचे, नव्या नोंदी ओळीने वाचून पाठ करायचे आणि अक्षरं पुन्हा बारीक करून ठेवायचे. एकदा बारीक करायचं राहिलं होतं, ते नंतर आठवल्यावर केलं. आपण वाचत असताना बाहेर सगळ्यांना कडी लागते हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी फाइल बांधली तेव्हा बाहेर कोणी नव्हतंच.

"लाल बुचाच्या नोंदीपर्यंत मी अजून पोचलो नव्हतो," ते म्हणाले. मग वहिनीकडे वळून त्यांनी विचारलं, की या अडण्याचा ठपका तुमच्यावर आला होता का? म्हणून तुम्ही रजेवर होतात?

उत्तर व्यवस्थापकांनी दिलं, आणि ते देताना त्यांना खाली पाहावं लागलं. डॉक्टरांनी हात जोडले. वहिनीने ते दोन्ही हात धरले आणि खाली केले.

७

संध्याकाळच्या आत रुग्णालयातून फोन आला. कारागिराचा हात वाचला होता आणि हृदयाची चाल नीट होती. आणखी थोडा उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं, असं तिकडचे डॉक्टर म्हणाले. हे ज्यांनी ओळखलं त्यांच्याशी बोलायचंय, म्हणाले. फोन म्हाताऱ्या डॉक्टरांनी घेतला होता. त्यांनी तो सन्मानाने वहिनीच्या हातात दिला.

व्यवस्थापकांनी सर्वांसमोर माफी मागितली. चौकशीचा कागद मागे घेतल्याचं सांगितलं आणि नोंद करणाऱ्या बाईंच्या नावे वर शिफारस पाठवायचं ठरवलं. डॉक्टरांना घरी बसवायचा विषय कोणी काढलाच नाही. काढला असता तर चिमणीने आकाशपाताळ एक केलं असतं. एवढंच ठरलं, की यापुढे डॉक्टरांनीसुद्धा नोंद पाहिल्याशिवाय उपाय सांगायचा नाही, आणि डोळे दाखवायला उद्याच जायचं.

राहिलेलं काम नणंदेने दुसऱ्या दिवशी केलं. फाइल तिने दोन भागांत तोडली. नोंदी सगळ्यांच्या सामायिक, मोठ्या संगणकात. वाचायची मांडणी मात्र प्रत्येकाच्या टेबलावर ज्याची त्याची. आता कोणी आपली अक्षरं डोंगराएवढी केली तरी दुसऱ्याला कडी लागणार नव्हती. जुन्या संगणकाला तिने 'बाग' असं नवं नाव दिलं, कारण तो पानांमध्ये राहत होता. डॉक्टरांच्या टेबलावर मोठा पडदा आला. त्यांनी त्यावरची पहिली नोंद मोठ्याने वाचली आणि मग खिशातून रुमाल काढून बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

तिन्ही फोन एकदम वाजले तेव्हा नणंद तारा गुंडाळत होती. एकीकडे रंग पातळ करायचा द्रव, एकीकडे बागेतलं कुठलंसं बी, एकीकडे पाळीव कुत्र्याने खाल्लेल्या गोळ्या. तिघांनी एकाच क्षणी फाइल उघडली. ती श्वास रोखून पाहत होती. फाइल तिघांकडेही उघडली, तिघं बोलू लागले, आणि कुठेही चौकट आली नाही. मोठ्या कंपन्यांची कितीतरी जाळी तिने दुरुस्त केली होती, पण असा आनंद तिला पूर्वी कधी झाला नव्हता. तिने गुंडाळलेली तार टेबलावर टाकली आणि उगाचच हसत उभी राहिली.

घरी जाताना वहिनीने तिला जेवल्याशिवाय सोडणार नाही म्हणून बजावलं. स्वयंपाकघरात शिरताच तिने आईला फोन लावला.

"आई, तुमच्या लेकीने काय केलं माहितीये?" ती सांगू लागली. हातातल्या दोन तारांपाशी आली तेव्हा तिने तारांऐवजी दोन चमचे हातात धरले आणि फोन खांद्यात दाबून उभी राहिली. नणंदेने मध्येच सांगायचा प्रयत्न केला, की नोंद वहिनीची होती, माणूस वहिनीने वाचवला, मी फक्त तार काढली. पलीकडून आई म्हणाली, की दे तिच्याकडे फोन, मला तिच्याशी बोलू दे.

"थांबा आई, ती कुठे पळून जात नाही," वहिनी म्हणाली आणि नणंदेकडे वळली. "तू बस गं. मला सगळं सांगून होऊ दे."

नणंद बसली. वहिनीने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.